ऑलिव्हच्या बागेचा फोटो

“बाई, तुमी खाली बसा, लॅपटॉपपाशी. मी ‘पुढचा’ म्हणलं का फोटो बदलवाचा. बोलाचं काही काम नाही.”

असं म्हणणारे आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. नुकतेच स्पेन फिरून आलेले, म्हणून कॉलेजात स्पेनवर व्याख्यान देणार होते. मी इंग्रजीतून इतिहासाचं एम.ए. केलेली, त्याच कॉलेजात आयुष्यभर युरोपचा इतिहास शिकवलेली. माझ्या वाट्याला बटण.

बाळांनो, तुम्ही सुट्टीत स्पेनला निघालात आणि आजीला विचारता, काय बघावं. राजवाडे कोणीही दाखवील. मी हे सांगते.

ती वर्षं कापसाला भाव नसल्याची. घराघरात कापूस छतापर्यंत कोंबलेला. पोरं त्यावरच झोपायची, अंग खाजवत वर्गात यायची. पोरी सकाळी वेचणी करून यायच्या, केसांत रुई घेऊन. त्या पोरांपुढे साहेब गॉगल कपाळावर चढवून उभे राहिले आणि म्हणाले, “युरोप म्हणजे शिस्त!”

राजवाडा. पुढचा. चर्च. पुढचा. साहेब, आइस्क्रीम खाताना. पुढचा.

मग ऑलिव्हची बाग आली. लाल माती, टेकडीमागे टेकडी, रांगेत झाडं.

“पाहा, कशी सरळ लाइन! तिथं आधी मजूर लई माजले होते. जमीन पाह्यजे, मजुरी पाह्यजे. मंग एक जनरल आला. तो होता तवर कोनाची टाप नाही झाली तोंड उघडाची. देश सुधरला. आपल्याकडं बी असाच एक पाह्यजे.”

पहिल्या रांगेत माझ्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“पुढचा.”

माझं बोट बटणावर गेलं नाही. त्या लाल मातीत मला याडी दिसली. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात.

याच साहेबांच्या वडिलांच्या शेतात वेचणी संपली की बोंडात अडकलेला कापूस आम्ही मागाहून वेचायचो. सरवा. एकदा साहेबांच्या आईने बांधावर अडवलं. “झाड तो घागरा.” याडीने झाडला. “पोरीचा बी.” सगळ्या गड्यांसमोर माझाही झाडला. मूठभर डागाळलेला, किडका कवडी कापूस पडला. “लमाणाची जात. लहान असो का मोठी, हात चोराचाच.” देवापुढे तुपाचा दिवा लावल्याशिवाय पाणी न पिणारी बाई. तो कापूस तिने उचललासुद्धा नाही. पायाने चिखलात लोटला.

ती लाज मी किती वर्षं अंगावर वागवली. मग नागपूरला शिकताना स्पेनबद्दल वाचलं. तिथेही जमीन मोजक्या घराण्यांची. झाडाखाली पडलेली ऑलिव्ह वेचली म्हणून मजुराला शिपाई बडवायचे. पुढे लोकांनी मतं दिली, राजा देश सोडून गेला, बायांना मताचा हक्क मिळाला, खेड्यात शाळा आल्या, जमीनवाटपाचा कायदा आला. जमीनदारांना तेवढंही सोसलं नाही. लष्कर उठलं, साहेबांचा हाच जनरल त्याचा म्होरक्या झाला, चर्चने आशीर्वाद दिला. इंग्लंड-फ्रान्सच्या शहाण्या लोकशाह्या खिडक्या लावून बसल्या. त्या दिवशी वाचनालयातच कळलं, बांधावरची लाज माझी नव्हतीच. ती झाडायला लावणारीची होती.

“काहून थांबल्या, बाई? पुढचा!”

मी उभी राहिले. “पुढचा नाही, साहेब. अशा बागांच्या कडेला त्या जनरलने मारलेली माणसं पुरली आहेत. त्यांची हाडं लोक अजून शोधताहेत. हा फोटो राहू द्या.”

त्यांना लाज वाटली असं समजू नका. लाज वाटायला आधी काही कळावं लागतं. ते हसले. “तांड्यावरून आनलं, नोकरी देल्ली, आता आमालेच स्पेन शिकवून राह्यल्या!” सभागृह हसलं. माझे सहकारी आपापल्या बुटांकडे पाहत होते. इंग्लंड आणि फ्रान्स, दुसरं काय!

प्राचार्य कानाशी आले. “मॅडम, एक वर्ष राह्यलं तुमचं. पेन्शनचे कागद यायच्याच सहीनं जातीन. दाबा ना बटन.”

“नाही.”

व्याख्यान तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, सर्वांसमोर माफी मागा. नाही मागितली. मग युरोपचे तास काढून घेतले आणि सांगितलं, स्नेहसंमेलनासाठी पोरींना लमाणी नाच शिकवा. हे यांचं डोकं! इतिहास यांनी सांगायचा, आम्ही नाचायचं. त्यालाही मी नाही म्हणाले. पेन्शन अडली. अडू दिली.

तो जनरल अंथरुणातच मेला. मग तिथल्या मोठ्या लोकांनी ठरवलं, झालं गेलं विसरू. मारलेल्यांच्या नातवंडांनी ऐकलं नाही. फावडी घेतली आणि खणायला लागली. तुम्ही त्या बागेत गेलात तर झाडांची रांग बघत बसू नका. खाली मातीकडे बघा.

साहेब आता म्हातारे झालेत. परवा घाटंजीला एका लग्नात भेटले. कवळी सावरत म्हणाले, “बाई, सोडा ना आता जुनं. पुढचं पाहा.”

मी ताटावरून उठले नाही, नमस्कार केला नाही. सोडणार नाही. पुढचं नंतर. आधी तो बांध, आधी तो घागरा. जेवढं आयुष्य उरलंय तेवढं, भेटेल त्याला, सगळं सांगणार.