रेणेच्या वाळूतली वाकी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून होतो, तेव्हा दोनदा ओठांवर आलं आणि गिळलं. आता तुम्हाला सांगतो. सरळ सांगायला जमेल की नाही, माहीत नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि त्यातच पावसानं दगा दिला होता. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फिटर. नव्या कचेरीत बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, पण एक मशीन आलं होतं – जमिनीतला धातू शोधणारं. लांब दांडा, खाली थाळीएवढं चक्र, आवाज ऐकायला कानांवर लावायचे डबे. रेणापूरजवळच्या एका गावात जुन्या पाइपलाइनचे व्हॉल्व्ह नदीच्या वाळूखाली गाडले गेले होते. ते मी शोधायचे होते. मशीन शिकवणारं कुणी नव्हतं. कोयत्यानं गवत कापावं तसं मी ते हवेतून फिरवायचो आणि खोट्या आवाजाला भुलून दर दोन पावलांवर खड्डा खणायचो.

रेणा नदी कोरडी पडली होती. वाळूत जागोजाग झिरे – दोन-दोन हात खोल खड्डे, तळाशी वाटीवाटीनं साचणारं पाणी. गावाचे झिरे वरच्या अंगाला, बौद्धवाड्याचे खालच्या. सुमन खालच्या झिऱ्यावर यायची. नवरा नांदेडकडं विष्णुपुरीच्या धरणावर कामाला. घरात ती आणि सासू.

एके दिवशी ती जवळ येऊन म्हणाली, "साहेब, ह्या मशीनला चांदी कळती का?"

सासूनं लग्नात घातलेली वाकी होती. दंडावर घट्ट बसायची. त्या वर्षी दंडच वाळला, आणि झिऱ्यात हात घालून पाणी भरताना ती कधी निसटली हे तिला कळलं नाही. सासूचं म्हणणं एकच – भावाला दिलीस.

कळते, म्हणालो. खरं तर मलाच माहीत नव्हतं.

रोज संध्याकाळी माझं काम आटोपल्यावर मी वाळूवर फिरायचो आणि ती घागरीशेजारी बसून बघायची. तिसऱ्या दिवशी तिला हसू आवरेना. "सारवताना बघितलं न्हाई का कुणाला? हात भुईला धरून न्यायचा, अन् मागच्या पट्ट्यावर जरा चढवायचा. तुम्ही तर माशा हाकलायला लागलात." तिनं सांगितलं तसं केलं, आणि मशीन बोलायला लागलं. लोखंडाचा आवाज घोगरा, चांदीचा बारीक आणि स्वच्छ. पुढं नोकरीभर त्या मशीनचा जाणकार म्हणून मला बोलवत राहिले. ते शिकलो तिच्याकडून.

पाचव्या दिवशी सकाळी, ती नसताना, वाकी सापडली.

मी काय केलं? पुसली, रुमालात गुंडाळली, हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली. आणि संध्याकाळी ती आली तेव्हा डबे कानांवर चढवून पुन्हा वाळू धुंडाळू लागलो. मला फक्त आणखी एक संध्याकाळ हवी होती. ती देगलूरकडच्या माहेराबद्दल बोलायची, तिथले तेलुगू शब्द सांगायची, मी चुकीचे म्हणालो की पदर तोंडाला लावून हसायची. डबे कानांवर असले की तिचं बोलणं लांबून आल्यासारखं यायचं, म्हणून मी एक कान उघडा ठेवायचो. एवढंच. पण ते एवढंच होतं का? आज इतक्या वर्षांनीही कुणी घागर खाली टेकवली की मी वळून बघतो.

एकाच्या नऊ संध्याकाळी झाल्या. मधे एकदा ती सांगून गेली होती की सासू तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. हे ऐकलं तेव्हा पेटी माझ्या पायाशी होती.

नवव्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी ती आली नाही. झिऱ्यावरची एक बाई म्हणाली, सासूनं सकाळच्या एसटीनं माहेरी धाडलं. मी वाकी खिशात घातली आणि त्यांच्या दारापर्यंत गेलो. सासू ओट्यावर होती, भोवती शेजारणी.

"काय साहेब, घावली का?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. पण लोक विचारतील – ती गेली त्याच दिवशी कशी सापडली? रोज संध्याकाळी काय चाललं होतं? आणि या भीतीच्याही खाली एक विचार होता, तो जास्त वाईट – ती सासरी परतलीच नाही, तर कदाचित माझ्यासाठी काही उरेल.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "सगळी वाळू बघितली."

म्हातारी शेजारणींकडं वळली. "बघा. सरकारी मशीन हाय. वाळूत असती तर घावली असती की."

गावानं मशीनची साक्ष मानली. नवऱ्यानंही मानली, तो तिला आणायला गेलाच नाही. आणि मी? देगलूरच्या गाडीत मी कधी पाय ठेवला नाही. वर्षाच्या आत माझं लग्न झालं.

बऱ्याच वर्षांनी ती लातूरच्या बसस्टँडवर भेटली. ओळख तिनंच दिली, चहाही तिनंच सांगितला. एका शाळेत खिचडी शिजवायला जाते, एकटीच राहते, म्हणाली. गाडी लागली तशी उठली, पिशवी घेतली.

"लई धुंडलं तुम्ही, साहेब. दुसऱ्या कुणी एवढं धुंडलं नसतं."

"हो," मी म्हणालो. "लई धुंडलं."

वाकी माझ्याकडे आहे. ती वाळूतच पडली होती. सुमननं ती कुणाला दिली नव्हती.