मल्हारबुवांचा आवाज आमच्या घरी

मल्हारबुवांचं भजन आम्ही समोर बसून ऐकलं ते त्यांच्या दहाव्यानंतर दोन वर्षांनी, आणि खरं सांगायचं तर ते काही रंगलं नाही.

आता हे दहावं घातलं कोणी? तर आम्हीच! आमचे थोरले चुलते, तात्या, तरुणपणी मुंबईला गिरणीत होते. तिथे एकदा तापाने फणफणून खोलीत पडलेले असताना पलीकडच्या गल्लीत मल्हारबुवांचं भजन चाललं होतं. तात्यांचं म्हणणं असं, की ते निम्मे गेलेच होते; बुवांनी वरचा सूर लावला आणि त्या सुराला धरून ते माघारी आले. पुढे आमच्या गावी, वैशाखऱ्याला, परतून ते भातशेती करू लागले, पण कुठल्याही भजनाला बसले की दहाव्या मिनिटाला उठायचे. "बरं हाय. पन मल्हारबुवा नाय," एवढं म्हणायचे आणि घोंगडी झटकून घरी. (गावच्या भजनी मंडळाने त्यांना बोलावणं बंद केलं ते काही उगाच नाही.) उभ्या जन्मात बुवांना त्यांनी एकदाच ऐकलं, तेही भिंतीपलीकडून. तरी आपला जीव हा बुवांनी दिलेला आहे, असं ते मनापासून मानत.

घरात वाचता येणारा मी एकटा. मुरबाडच्या शाळेत मास्तर, तेव्हा माझा शब्द म्हणजे आमच्या घरात छापील शब्द. एकदा बाजारातून गूळ आणला, तो बांधलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर बुवांचा फोटो, नावासकट. फोटोला हा भलामोठा हार! खाली अर्धवट फाटलेल्या ओळी : '...संगीताची पन्नास वर्षे सेवा केली. असा गवई पुन्हा होणे नाही.' मग मी शिकलेल्या माणसाला शोभेल तेच केलं. उरलेला अर्धा कागद कुठे गेला याची चौकशी न करता तात्यांना सांगून टाकलं, की बुवा गेले.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बुवांना मूल ना बाळ. पानी कोन देनार?"

"तात्या, त्यांना मूलबाळ नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"असा सूर लावनारा मानूस संसार करील काय रे? आन माजा जीव कोनाचा हाय? मंग मीच देनार."

कागदावरची तारीख तेवढी शाबूत होती. तिथून मोजलं, तर दहावा दिवस नेमका चंपाषष्ठीला आला. काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, सनाच्या दिवशी परक्याचं दहावं करता? लोक काय म्हनतील?" पण तात्यांनी डोकं भादरलं, तीस वर्षं जपलेल्या मिशाही उतरवल्या आणि मला घेऊन नदीवर गेले. मिशा गेलेले तात्या मला ओळखू येईनात. वाटेत दोनदा मी दचकलो.

पिंड पानावर मांडला आणि आम्ही मागे सरलो. काठच्या उंबरावर सात-आठ कावळे बसले होते. एरवी पोराच्या हातातली भाकरी पळवणारी ही जात त्या दिवशी माना वाकड्या करून नुसती आमच्याकडे बघत होती. एक हलेना. एक ओरडेना.

"बुवा," तात्या हात जोडून म्हणाले, "दर एकादशीला तुमच्या नावानं भजन करू."

कावळे गप्प.

"बुवा, तुमच्या पेटीवाल्याला काय कमी पडू देनार नाय." (पेटीवाला कोण, कुठला, आम्हाला काही पत्ता नव्हता!)

कावळे गप्प. दुपार कलली. वारा पडला, पाण्याचाही आवाज येईनासा झाला. मला मघापासून असं वाटत होतं, की आमच्या मागे कोणीतरी येऊन उभं आहे, आणि मी वळून बघायला तयार नव्हतो. त्यात सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. घरी काकूने भरीत आणि रोडगे करून ठेवलेले! शेवटी तिसऱ्या प्रहरी तात्या म्हणाले, "मास्तर, तू बोल. तू शिकलेला हायेस."

मी हात जोडले आणि भुकेच्या तडाख्यात तोंडाला येईल ते बोललो, "बुवा, तुमचा आवाज मी घेतो!"

शब्द संपायच्या आत एक कावळा खाली उतरला. पिंडाला चोच लावली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उडाला. त्याच्यामागून बाकीचे सगळे गेले, तेही आवाज न करता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तात्या रडत होते. मी, सांगायलाही लाज वाटते, पण मी घरी किती वेळात पोचू याचा हिशेब करत होतो.

दिलेला शब्द अंगाशी आला. आवाज घेतो म्हणालो होतो, तेव्हा तो काढून दाखवणं भाग होतं. दर एकादशीला मी मुरबाडहून घरी यायचं आणि बुवांचा अभंग म्हणायचा, असं ठरलं. चाल शिकवायला तात्या, म्हणजे तापात आणि भिंतीपलीकडून ऐकलेली चाल! वरच्या सुरापाशी आलं की ते मांडीवर थाप मारायचे, "वर! अजून वर!" मी डोळे मिटून जी काय किंकाळी फोडायचो, तिने गोठ्यातली म्हैस दावणीला हिसके द्यायची. तात्या मात्र मिटल्या डोळ्यांनी पुटपुटायचे, "येतोय. बुवा येतोय."

"येतोय तर त्याला म्हनावं पडवीतच बस," काकू आतून ओरडायची.

अशी दोन वर्षं गेली. मग मुरबाडच्या बाजारात माझ्या हातात कोणीतरी एक जाहिरात कोंबली. 'शहापूर येथे देवळाच्या मांडवात मल्हारबुवांचे भजन. घासलेटाच्या टंचाईमुळे कार्यक्रम दुपारी होईल.' आणि वर फोटो. तोच! तोच हार! फक्त या खेपेला खालची ओळ धड होती : 'पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल झालेल्या सत्काराच्या वेळचे छायाचित्र.'

दोन दिवस मी तो कागद कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी धीर करून तात्यांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील, नाहीतर आनंदाने नाचतील. ते हळूच म्हणाले, "कावळा शिवला होता ना?"

"शिवला होता."

"मंग बुवा गेला. आता येतोय तो कोन?"

काकूने उठून ओटीचं दार लावून घेतलं.

तरीही आम्ही गेलो. बैलगाडी जोडून, मुरबाडला मुक्काम करून, शहापूरला पोचलो तर मार्गशीर्षात नसावं तसं मळभ भरून आलेलं. भर दुपारी मांडवात धड उजेड नाही, धड अंधार नाही. आम्ही सगळ्यांच्या पुढे बसलो. तात्यांनी वाटेतच मला बजावून ठेवलं होतं : पाय बघायचे, सावली बघायची, आणि काही खातो का बघायचं.

बुवांना दोघा शिष्यांनी धरून आणलं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरं उपरणं आणि चेहराही त्याच रंगाचा.

"पाय बग," तात्या कुजबुजले.

बुवांनी थंडीमुळे पायमोजे घातले होते! टाचा पुढे की मागे हे कळायच्या आत त्यांनी मांडी घातली आणि पाय धोतरात गेले.

"सावली?"

बुवांना सावली नव्हती. मी घाबरून माझी पाहिली, तर मलाही नव्हती. त्या मळभात मांडवातल्या कोणालाच नव्हती. एवढ्यात कोणीतरी पानाचं तबक पुढे केलं. बुवांनी न बोलता हातानेच नको म्हटलं.

"खात बी नाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरला.

पेटी सुरू झाली. टाळ सुरू झाले. बुवांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. नुसती हवा! ओठ शब्दामागून शब्द म्हणत होते आणि मांडवात आवाज नव्हता. मग पाठीमागे बसलेल्या शिष्याने ओळ उचलली. आता तोंड बुवांचं हलत होतं आणि आवाज भलत्याच माणसाचा येत होता. एक-दोनदा तर बुवांचे ओठ मिटले तरी गाणं चालूच राहिलं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी खिशातून जपमाळ काढली. मागची माणसं एकेक करून उठू लागली.

मी तात्यांकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ज्या एका सुरापुढे सगळी दुनिया फिकी ठरवली, तो ऐकायला हा माणूस दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून आला होता. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला फार वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं.

तेवढ्यात ती वरच्या सुराची जागा आली. शिष्याला ठसका लागला म्हणून तो थांबला. बुवांनी स्वतःच हात वर केला, गळ्याच्या शिरा ताणल्या, मांडव श्वास धरून थांबला, आणि सूर आला! खणखणीत आला!

माझ्या तोंडातून.

दोन वर्षांची सवय हो! मला कळायच्या आत माझी किंकाळी त्या शांत मांडवात घुमून परत आली होती. सगळे वळून बघू लागले. बुवांनी डोळे उघडले आणि ते थेट माझ्याकडे बघत राहिले.

"इथं हाय!" तात्या ओरडले. "आवाज इथं हाय!"

"तात्या, हळू!"

"हळू काय? तू म्हनालास 'मी घेतो', आन कावळ्यानं ऐकलं. जित्या मानसाचा आवाज काढून घेतला रे आपन! चल ऊठ. परत दे."

मी शिकलेला. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

मधल्या विश्रांतीत बुवा देवळामागच्या ओसरीवर गरम पाणी घेत बसले होते. तात्यांनी जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. (उठताना टाचा चाचपून पाहिल्या आणि त्या जागच्या जागी असल्याचं मला खुणेने कळवलं.)

"बुवा, आमी तुमचं दहावं घातलं."

"माझं?" बुवांचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज. "कधी?"

"दोन वर्सं झाली. चंपाषष्ठीला. तिसऱ्या प्रहरी कावळा शिवला."

बुवांच्या हातातला पेला थांबला. त्यांनी शिष्याकडे पाहिलं. शिष्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"त्या चंपाषष्ठीला मी कल्याणला गात होतो," बुवा म्हणाले. "तिसऱ्या प्रहरीच. वरचा सूर लावायला गेलो आणि गळा बंद झाला. तेव्हापासून हे असं आहे. वैद्य झाले, डॉक्टर झाले."

वर्तमानपत्राच्या फाटक्या तुकड्याबद्दल मी एक चांगला खुलासा वाटेत पाठ करून ठेवला होता. त्यातला एक शब्द आठवेना.

"दहाव्याला कोण कोण होतं?" बुवांनी विचारलं.

"आमी दोगंच. मी मिशा बी काढल्या."

"माझ्यासाठी?" बुवांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला चार मुलगे आहेत हो. त्यातला एक तरी मिशा काढील, याची मला खात्री नाही."

तात्या आता हमसून रडायला लागले. "तुमी जीव दिला, आन आमी तुमचा आवाज नेला. परत घ्या, बुवा. नायतर मी मेलो तरी सुटायचा नाय."

"परत देता येतो?" बुवांनी विचारलं, आणि त्या डोळ्यांत खरीखुरी आशा होती.

तात्यांनी सगळं योजून ठेवलं होतं. त्यांनी माझ्या तळहातावर पाणी ओतलं. ते मी 'घेतला तसा दिला' म्हणून बुवांच्या तळहातावर सोडायचं. बुवांनी हात पुढे केला. मी हात कलता करणार एवढ्यात ते म्हणाले, "थांबा. शेवटी माझी चीज आहे. दोन वर्षांत तिचं काय झालंय, आधी ऐकू द्या."

मी गायलो. सगळा अभंग गायलो, वरच्या सुरासकट. तात्यांचा सगळा जीव त्यात अडकला होता, म्हणून डोळे मिटून, जेवढं काही माझ्यापाशी होतं तेवढं ओतून गायलो. डोळे उघडले तेव्हा तळहातातलं निम्मं पाणी गळून गेलं होतं. शिष्य भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. आणि बुवांनी पुढे केलेला हात सावकाश मागे घेऊन उपरण्याखाली नीट झाकून ठेवला होता.

"तात्या," ते कुजबुजले, "तुमच्यावर कसलाही दोष नाही. तुम्ही आजपासून मोकळे. फक्त एक करा, हात जोडतो. हा परत द्यायचा हट्ट धरू नका."

गेलेला आवाज दारात चालून आला असताना तो नको म्हणणारा गवई जगात दुसरा झाला नसेल, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या गाण्याला आहे!