मधल्या रिंगणातला उंच दगड

केरा नीट जेवत असेल का, हा घोर लव्हडेच्या मनातून जाता जाईना. सभा झाल्यापासून पोरगी माळावरून खाली उतरलीच नव्हती.

केरा तिची धाकटी लेक. वडील गेले तशी प्लिमथची नोकरी सोडून आली आणि त्यांच्या गायी सांभाळू लागली. वरच्या घरात एकटीच राहायची. दुपारी माळावरच्या प्राचीन उभ्या दगडांच्या रिंगणांपैकी मधल्या रिंगणातल्या सर्वांत उंच दगडाला टेकून मांस-बटाटा भरलेली गार पेस्टी खायची आणि कडेचा शेवटचा तुकडा, वडील ठेवायचे तसाच, दगडापाशी ठेवायची.

"कुणाला गं हा नैवेद्य?" लव्हडे चिडवायची.

"ज्यांनी हे उभे केले त्यांना. किती हजार वर्षं उपाशी आहेत बिचारे!"

या हिवाळ्यात तोच दगड पडला.

गुरांचं मीठ रिंगणापाशी ठेवायचं नाही, हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीठ चाटायला गुरं जमतात, दगडाला अंगं घासतात, बुडाची ओली माती खुरांनी उखडते. पडलेल्या दगडाशेजारी चाटून झिजलेला मिठाचा ठोकळा सापडला. गायी केराच्या.

चराईच्या सभेत प्रमुख डिगरीकाका कडाडले, "बापानं जन्मभर जपलं, ते तू आडवं केलंस, पोरी!"

"शहरात राहून आलीय ना, तिथं दगडालाही मीठ लावून खात असतील!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

केरानं एकदाच आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "चूक माझीच, काका."

लव्हडे कपातल्या चहाकडे बघत राहिली. दगड पडण्याआधी केरा तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा महिनाभर गुरांचं मीठ लव्हडेनंच नेलं होतं. गुडघा ठणकायचा, धुक्यात पुढचं काही दिसायचं नाही. तेवढा उंच दगड दिसायचा. त्याच्याच आडोशाला ठोकळा टाकून ती परतायची आणि लेकीला सांगायची, "ठेवलं गं, नेहमीच्या जागी."

आज सकाळी डिगरीकाकांची बायको जेनिफर फाटकाशी थांबली. "उद्या मतं घेणार म्हणे. केराच्या गायी माळावरून कायमच्या उतरवायच्या. तू नको मनाला लावून घेऊस, बाई. तुझा काय दोष त्यात?"

लव्हडेला मान वर करवेना. "हो ना," एवढंच ती पुटपुटली, आणि तेही तोंडून गेल्यावर स्वतःचीच किळस आली.

घरात येऊन तिनं फोन उचलला. आधी केराला करावा? ती म्हणेल, "राहू दे, आई." आणि आपण खरंच राहू देऊ.

तिनं डिगरीकाकांचा नंबर फिरवला.