सूतबाईने बुजवलेली फट

तुमच्या गॅलरीला काचा लावून गेलेल्या माणसाचा चेहरा आठवतो का तुम्हाला? खरं सांगा. नाही आठवत. चहा दिला असेल, तोही वेगळ्या कपात. दोन दिवस घरात धूळ झाली म्हणून कुरकुर केली असेल. काच मात्र रोज पुसता. मग आज निदान एका काचवालीची गोष्ट शेवटपर्यंत ऐका, कारण तिने लावलेली काच तुमच्याच घरात असू शकते.

तिला सगळे सूतबाई म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिस्त्री लोकांचं माप. बाकीचे मिस्त्री दोन-तीन सूत इकडेतिकडे झालं तर सिलिकॉन भरून मोकळे होतात. ही अर्ध्या सुतासाठी अख्खी चौकट उतरवते. काम बापाकडून शिकली. बाप काच कापायचा आणि बोलायचा कमी. "फट राहिली की कारागीर मेला," एवढंच एक वाक्य त्याने तिला वारशात दिलं. शाळा पाचवीत सुटली, पण कुठल्या भिंतीवर कोणत्या महिन्यात ऊन किती वाजता येतं हे ती इंजिनिअरला तोंडावर सांगते. नवऱ्याचा टेम्पो आहे. काच तो पोचवतो आणि गल्लीत सांगत फिरतो, "आमच्याकडे मालक ती, मी हमाल. जेवण मात्र दोघांना सारखंच मिळतं."

तिच्या कामाची एक रीत होती. टेप काढायच्या आधी ती गॅलरी तीन वेळा बघायची, सकाळी, भर दुपारी आणि ऊन उतरताना. तिच्या गावात थंडीचे चार महिने डोंगराच्या खिंडीतून असा वारा सुटतो की वाळत टाकलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो. उन्हाळ्यात त्याच खिंडीतून धूळ येते आणि घराची भट्टी होते. म्हणून तिथे गॅलरी बंद करायची तर थंडीत ऊन आत आलं पाहिजे आणि उन्हाळ्यात गरम हवा वरून निघून गेली पाहिजे. काम झालं की ती पातळ कागदाचा कपटा प्रत्येक सांध्यासमोर धरायची. कपटा हलला तर सांधा पुन्हा. हलला नाही तर गालात हसायची. त्या हसण्यासाठीच ती जगत होती म्हणा ना.

गेल्या थंडीच्या तोंडावर तिला हेडबाईंचं बोलावणं आलं. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. मुलगा नोकरीला परगावी, घरात त्या, सून आणि चार महिन्यांचा नातू. दुसरा मजला, गॅलरीचं तोंड दक्षिणेला, वारा मात्र बाजूने कानफटात मारल्यासारखा. बाळाला आणि आपल्या गुडघ्यांना उबेची जागा हवी, असं हेडबाईंचं म्हणणं.

सूतबाईने तीन वेळा बघून घेतलं. गॅलरीच्या भिंतीवर गॅसचा गीझर होता. त्याच्या शेजारी बाथरूमची हवेची छोटी झडप, तीही गॅलरीतच उघडणारी.

"बाई, इथे खाली एक आणि वर एक, काचेच्या तिरक्या पट्ट्या बसवते. त्या कायम उघड्या राहणार," ती म्हणाली.

"म्हणजे वारा आत घ्यायचा? मग तुला कशाला बोलावलं?"

"गीझर जळतो, बाई. जळणाऱ्याला हवा लागते. त्याचा विषारी धूरही बाहेर जायला हवा. तो दिसत नाही, त्याला वास नाही."

"बरं बरं. मला विज्ञान शिकवू नकोस."

काम झालं आणि फार देखणं झालं. ऊन असं आत यायचं की सून बाळाला तिथेच तेल लावायची. पण आठच दिवसांत खिंडीतला वारा फिरला आणि त्या पट्ट्या शिट्ट्या मारायला लागल्या. हेडबाईंनी फोन केला. सूतबाई गेली.

"ऐक तुझं संगीत," हेडबाई म्हणाल्या. "समोरच्या इमारतीत त्या नव्या मिस्त्रीने केलंय. डबीसारखं बंद. तुझी एवढी कीर्ती ऐकली होती. जमत नसेल तर तसं सांग अगं, मी त्याला बोलावते. पाचवीच्या पुढे गेली असतीस तर कदाचित..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं, पण लागायचं तिथे लागलं. सूतबाईची कानशिलं तापली. एकोणीस वर्षांत तिच्या तोंडावर "जमत नाही" म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. आणि फट ठेवून तिने स्वतःच बापाचं वाक्य मोडलं होतं, हे तिला आतून टोचतच होतं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, वारा लागतो तर शाल घ्या. ही खाली गेली, टेम्पोतून दोन सबंध काचा आणल्या, पट्ट्या काढल्या, काचा बसवल्या आणि कडेने सिलिकॉनची सुबक रेघ ओढली. मग कपटा धरला. हलला नाही. हेडबाईंनी स्वतः धरून बघितला. तरी हलला नाही.

"आता शोभलीस," हेडबाई म्हणाल्या.

निघताना जिन्यावरून सूतबाई सुनेला म्हणाली, "गीझर लावलात की गॅलरीचं दार उघडं ठेवा हं." म्हणाली आणि उतरली. सुनेच्या कडेवर बाळ रडत होतं. तिने ऐकलं की नाही, हे बघायला सूतबाई थांबली नाही. शाबासकी मिळाली होती. पाय जमिनीवर नव्हते.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. "तुझी काच गळते."

माझी काच? गळते? ती सकाळी नऊलाच हातोडी आणि सिलिकॉनची गन घेऊन तणतणत निघाली. दार सुनेने उघडलं. चेहरा पांढराफटक, एक हात कपाळावर.

"बरं नाही का?"

"डोकं. रोज सकाळी ठणकतं, मळमळतं. आईंचंही दुखतं. त्या म्हणतात थंडीचं आहे. आत्ता आंघोळीला गेल्यात. तुम्ही बघून घ्या ना."

खोली आणि गॅलरीमधलं दार बंद होतं. वारा नको म्हणून खाली चादरही खोचलेली. सूतबाईने ते उघडलं. आत ऊब होती, पण चांगली नव्हती. शिळी, जड. काचांवरून पाण्याचे ओघळ. तिने बोट फिरवलं. पाणी आतल्या बाजूला होतं. बाहेरून काच ठणठणीत कोरडी. सांधा एकही गळत नव्हता. मग हे पाणी आलं कुठून? तिने मान वळवली. गीझरच्या खिडकीत ज्योत निळी दिसायला हवी होती. ती पिवळी होती आणि लवलवत होती; तिला हवा पुरत नव्हती आणि तिचीच वाफ काचांवर साचत होती. बाथरूममध्ये नळ वाहत होता, एकाच आवाजात. बादली सरकल्याचा, मग आपटल्याचा, काहीच आवाज नाही.

"किती वेळ झाला जाऊन?"

"नेहमी दहा मिनिटं लागतात..." सुनेने घड्याळ बघितलं. "अर्धा तास झाला."

"बाई! अहो बाई!" सूतबाईने बाथरूमचं दार बडवलं. नळ वाहत राहिला.

"बाळाला घे आणि खाली जा. उभी राहू नकोस, जा! मोकळ्यावर जा!"

तिने आधी गॅस बंद केला. मग हातोडी उचलली आणि आपल्याच हाताने बसवलेल्या दोन्ही काचा फोडल्या. इतक्या चोख बसवल्या होत्या की पहिल्या घावाला नुसत्या तडकल्या, पडल्या नाहीत. दुसऱ्या घावाला वारा आत घुसला. बाथरूमची कडी तोडेपर्यंत तिचंही डोकं गरगरायला लागलं होतं. हेडबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर गरम पाणी पडतच होतं. डोळे अर्धे उघडे, ओठ हलत नव्हते.

जीव वाचला. गावाने सूतबाईला डोक्यावर घेतलं. मुलगा धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही देवासारख्या आलात." त्याच्या जोडलेल्या हातांकडे बघवेना म्हणून ती चपलांकडे बघत राहिली. "फट मीच बुजवली होती," ती म्हणाली. त्याला वाटलं, बिचारी धक्क्यात आहे. त्याने तिला पाणी आणून दिलं.

मग ती दवाखान्यात हेडबाईंच्या खाटेजवळ गेली. त्यांना तरी सांगायचंच होतं. "बाई, माझं चुकलं. तुम्ही बोललात आणि मला राग आला. रागात मी ते केलं. मला माहीत होतं, तरी केलं."

हेडबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. तीस वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थिनी हजेरीक्रमांकासह पाठ असलेली बाई ती.

"कुठल्या इयत्तेतली तू?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, धूर मेंदूला लागलाय, येईल हळूहळू आठवण, किंवा नाही येणार. आजही त्या नातवाचं नाव रोज नव्याने विचारतात. सून रोज नव्याने सांगते.

सूतबाईने घरी येऊन मापांच्या वह्या काढल्या. एकोणीस वर्षांच्या. ज्या गॅलरीत गीझर होता, तिथे तिने त्याचंही माप टिपलेलं असायचं. अशी घरं निघाली एक्केचाळीस. पूर्वी गीझर दिसला की ती पट्ट्या ठेवायची. पण वारा आला की त्या कोणी टेपने बंद केल्या, कोणी पुठ्ठ्याने, आणि सहा घरी तर शाबासकीसाठी तिनेच. दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार जायला लागली. काचेला भोक पाडून जाळी बसवून देते, फुकट. लोक हसतात. "आधी बंद करायला आलीस, आता फोडायला?" एक साहेब म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?" तिने त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं आणि काचेवरचं पाणी दाखवलं. त्यांनी फडक्याने पुसलं आणि दार लावून घेतलं. नवरा म्हणतो, "शहाण्याला शब्दाचा मार." ती म्हणते, "शहाणे सापडेनात ना."

आजवर एकोणतीस घरांत हवा खेळती झाली. पाच घरांतले लोक घर बदलून गेले, तिथले नवे भाडेकरू ऐकून घेत नाहीत. सहा घरांनी साखळीआडूनच हाकललं. एक राहिलं, तिसऱ्या मजल्याचं. पिवळी इमारत, कोपऱ्यातली गॅलरी. तिथले लोक बेल वाजली की आतला टीव्ही बंद करतात आणि श्वास रोखून उभे राहतात. त्यांना वाटतं, काहीतरी विकायला आलीय. वॉचमन म्हणतो, "आहेत आत, दोन लहान मुलं पण आहेत." रोज सकाळी साडेसातला ती रस्त्यावर उभी राहून वर बघते. त्या काचा आतून ओल्या असतात. काल एका काचेवर कोणीतरी छोट्या बोटाने सूर्य काढला होता, त्याचे किरण ओघळून खाली आले होते.

ती उद्याही येणार आहे, साडेसातला. तुमची गॅलरी काचबंद असेल आणि त्यात गीझर असेल, तर आता हा कागद खाली ठेवा आणि काचेवर आतून बोट फिरवा. ओलं लागलं तर गॅस बंद करा, खिडकी सताड उघडा, मुलांना बाहेर काढा. आणि तुम्हीच जर त्या पिवळ्या इमारतीतले असाल, तर हात जोडून सांगणं आहे, उद्या बेल वाजली की दार उघडा.