मेन कोणी वर केला?

दुपारी वादळ येऊन गेलं आणि आमच्या गढा मोहल्ल्यातली लाइट गेली. माझा धाकटा दीर लाइनमन. तो शिडी घेऊन कामावर पळाला, आणि इकडे नवऱ्याने मोठ्या हौसेने नवा जनरेटर अंगणात काढला.

त्याने एक वायर करून ठेवली होती, दोन्ही टोकांना पिना. एक टोक जनरेटरला, दुसरं व्हरांड्यातल्या सॉकेटला, की सगळं घर चालू! दिराने जेवताना कितीदा सांगितलं होतं, "दादा, मेन स्विच चालू राहिला तर तुझी वीज उलटी खांबावर येते. आम्ही लाइन बंद समजून तारेला हात लावतो. चेंजओव्हर स्विच बसव, त्याचं हँडल एका वेळी एकीकडेच जाते, लाइनकडे नाहीतर जनरेटरकडे." पण माझा नवरा कोणाचं ऐकेल तर शपथ!

"मेन पाडला ना मी. काहून टेन्शन घेऊन राहिली?" म्हणाला आणि पेट्रोल आणायला गेला.

दिवेलागण झाली. सासूबाईंचा नेम असा, की त्या वेळी घरातलं एकही बटण बंद नको. लाइट नसली तरी नको. देवापुढे निरांजन लावलं की त्या घरभर फिरून बटणं पाहतात.

नवरा आला, पेट्रोल भरलं, वायर जोडली आणि जनरेटर सुरू करायच्या दोरीला हात घातला. मी हात पुसत बाहेर आले आणि सहज बोर्डाकडे पाहिलं. मेनचं हँडल वर, म्हणजे चालू!

"अहो, थांबा! ओढू नका!" मी अशी किंचाळले की शेजारच्या भाभी गच्चीवर आल्या. सॉकेटमधली पिन मी उपटून काढली. "तुमचा भाऊ खांबावर आहे, आणि तुम्ही हे काय करून राहिले?"

"मी पाडला होता," एवढंच तो म्हणाला. मग पक्कड आणून दोन्ही पिना त्याने स्वतःच कापल्या. फ्रिज आणि पंखा एक्स्टेन्शन बोर्डावरून थेट जनरेटरला लावला. माझा राग काही जाईना.

दीर चिखलाने माखून जेवायला आला. मी सगळं सांगितलं.

"दिवेलागणीला?" तो म्हणाला. "वहिनी, तेव्हा मी आपल्या मागच्या खांबावर होतो. तार हातात होती."

नवऱ्याने ताटावरूनच मिस्त्रीला फोन लावला, उद्या सकाळीच चेंजओव्हर बसवायला.

"पण मेन वर केला कोणी?" दिराने विचारलं.

सासूबाई त्याला पोळी वाढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मीच केला रे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तू अंधारात घरी येशील."