खुंटा नसलेलं जातं

आम्हा दोघी मैत्रिणींचं माहेरचं गाव एक आणि सासरचंही एकच. नेवाशाकडच्या एका खेड्यात एकत्र वाढलो आणि एकाच गावात दिल्या गेलो. रोज पहाटे ती माझ्याकडे दळायला यायची, कारण माझ्या जात्याचं पीठ मऊ पडायचं. खुंट्यावर तिचा हात वर, माझा खाली. सासवांची उणीदुणी ओव्यांतून काढायचो आणि हसता हसता पीठ सांडायचो. तिला लेक झाली तेव्हा तीच म्हणाली होती, "हिची हळद आपुन दोघींनी ह्याच जात्यावर दळायची."

पुढे लढाईच्या दिवसांत माझा नवरा भिंगारला लष्कराच्या कामावर गेला आणि तिथेच तापाने गेला. मग तिचं येणंही आटलं. कामं असतील, अशी मी माझीच समजूत घालत राहिले.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ती आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच टेकली. "हळदीला तुझं जातं पायजे," म्हणाली. मी वेडी, लगेच उठून जातं पुसायला लागले. विचारलं, "कधी येऊ?"

ती खाली बघत म्हणाली, "तू नगं येऊस गं. सवाष्णीच लागत्यात. जातं तेवढं दे, गाडी धाडते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जातं चालतं, जातंवाली चालत नाही! मी खुंटा उपटला आणि मांडीखाली घेतला.

"ने जातं. खुंटा मिळायचा न्हाई."

"खुंट्याबिगर दळू कशी?"

"इचार तुझ्या सवाष्णींना."

तिने नवा खुंटा करून घेतला. हळद दळताना बायका गात होत्या, ते माझ्या घरात ऐकू येत होतं. त्यातली एक ओवी मी तिच्या लेकीच्या बारशाला रचलेली होती. ती तिनेच गायली, मोठ्या आवाजात.

चार दिवसांनी गडी नव्या खुंट्यासकट जातं टाकून गेला. हळद दळली की मूठभर भरड दाणे दळून जातं साफ करून द्यायची रीत असते. तिने तेवढंही केलं नव्हतं. माझी ज्वारी पिवळीधमक निघाली. टाकून देण्याइतकी ज्वारी माझ्याकडे नव्हती. मी तिचा नवा खुंटा चुलीत घातला, त्याच जाळावर पिवळ्या भाकरी भाजल्या आणि तिच्या लेकीची हळद एकटीने खाल्ली.