कुऱ्हाड न लावलेलं झाड

धाडच्या आठवडी बाजारात खडा मसाला विकणाऱ्या बशीरनं अंगणात दालचिनीचं झाड वाढवलं होतं. दालचिनीला आपल्याकडे कलमी म्हणतात. रोप देणाऱ्या कोकणातल्या व्यापाऱ्यानं तेव्हाच बजावलं होतं, "पावसाळ्यात खोड बुडाशी तोडायचं आणि तोडलेल्या दांड्यांची साल काढायची. बुंधा पुन्हा फुटतो. झाडात जीव अडकवू नका."

पण जीव अडकायचा तो अडकलाच. उन्हाळ्यात जिथं माणसांना पाण्याची मारामार, तिथं बशीरनं अकरा वर्षं आपल्या आंघोळीची बादली त्या आळ्यात ओतली. तोडायची वेळ आली तेव्हा त्याच्यानं कुऱ्हाड उचलवेना.

"उभ्याचीच सोलतो," तो बायकोला म्हणाला.

"अन् त्याले काही झालं तं?" चांदबीनं विचारलं.

"मी काय तोडून राह्यलो त्याले?"

वरचा खरबरीत थर खरवडून त्यानं मुळापासून खांद्याइतक्या उंचीपर्यंत चहूबाजूंनी साल अलगद उतरवली. सावलीत तिच्या सुरळ्या झाल्या, घर घमघमलं. पण मुळांना अन्न पोचवणारी सालच गेली होती; होळीपर्यंत झाड वाळून कोळ झालं. मग चांदबीनंच कुऱ्हाड आणून त्याच्या हातात दिली. त्यानं तोडलं, पण बुंधा काही फुटला नाही.

बाजारात एका बाईनं सुरळी मोडून हुंगली. "अशी कलमी पयल्यांदाच पाह्यली, चाचा. पुढच्या वर्षी आणसान ना?"

"हाव," बशीर म्हणाला.

त्या दिवशीही सकाळी तो वाळल्या बुंध्याला बादलीभर पाणी घालूनच निघाला होता.